क्ष-किरणांचे ऋण

उज्जयिनीच्या देवास गेट भागात बसगाड्यांच्या गजबजाटात महाकालेश्वराच्या दर्शनास आलेला एखादा यात्रेकरू पाय घसरून पडला, तर आज त्याच्या हाडाचे चित्र घटकाभरात निघू शकते. ही निर्धास्तता पुष्कळांच्या प्राणमोलाने लाभली आहे. तो इतिहास वाचकांस विदित व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटगेन यांस हे किरण गवसले. प्रारंभी किरणांचा जोर अजमावण्यासाठी यंत्रचालक स्वतःचाच हात नळीसमोर धरीत, तोही दिवसातून अनेकदा. कातडी भाजे, व्रण चिघळत आणि कित्येकांस पुढे कर्करोग होई. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात कापावे लागले. १९०४ साली तो निवर्तला. हँबुर्ग येथे १९३६ साली अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १५ देशांतील १६९ नावे होती.

त्यांच्या व्यथेतूनच आजचे नियम जन्मास आले. आपल्याकडे या कार्यास मुंबईजवळील तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राने आकार दिला. कर्मचाऱ्याने छातीवर लावावयाच्या बिल्ल्यात पूर्वी फिल्म असे. १९७५ पासून तापविताच प्रकाश देणाऱ्या चकत्या आल्या. त्यावरून त्याच्या वाट्यास किती किरण आले, हे मोजता येते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. कर्मचाऱ्यास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास २० व कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्ट, ही मर्यादा त्याने घालून दिली.

छातीच्या एका चित्रात साधारणतः ०.१ मिलिसिव्हर्ट वा त्याहूनही कमी किरण लागतात. निसर्गातून जगभर सरासरीने वर्षाकाठी सुमारे २.४ मिळतात. तेव्हा आवश्यक त्या चित्राची धास्ती नको. अनावश्यक चित्राचा आग्रहही नको. गर्भवतीने आपली अवस्था आधी सांगावी. गर्भावस्थेतील क्ष-किरण व बालकांचा कर्करोग यांचा संबंध ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ सालीच निदर्शनास आणला होता. मूल धरणे भागच पडले, तर गर्भवती नसलेल्या एकाच आप्ताने शिशाचा अंगरखा घालून ते धरावे. इतरांनी बाहेर थांबावे.

चित्र घेताना तंत्रज्ञ आडोशामागे जातो, हे पाहून कित्येकांच्या मनात शंका येते. रुग्णास ते किरण एखाद्या वेळी लागतात. तंत्रज्ञास मात्र तेच काम जन्मभर करावयाचे असते. त्याचा तो आडोसा म्हणजे डॅलीसारख्यांनी आपणां सर्वांस दिलेला वारसाच होय, असे आम्हांस वाटते.