किल्ट : नेसण्यापासून शिवण्यापर्यंत

मराठीत कपड्यांसाठी दोन क्रियापदे आहेत. लुगडे, धोतर, लुंगी आपण नेसतो. सदरा, पायजमा, शेरवानी घालतो. न शिवलेले नेसायचे, शिवलेले घालायचे. स्कॉटलंडच्या किल्टचा इतिहास समजून घ्यायला हा फरक उपयोगी पडतो. किल्ट मुळात नेसायची गोष्ट होती. ती घालायची गोष्ट झाली, त्यात शिंप्याच्या सुईइतकाच राज्यसत्तेचाही हात होता.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, म्हणजे हायलँड्समध्ये, गेलिक बोलणारे पुरुष एक लांबलचक लोकरी कापड अंगाभोवती गुंडाळत. मागमूद हातमागावर पन्हा कमी मिळे, म्हणून दोन पट्टे जोडून ते रुंद करत. हाताने चुण्या घालून ते कमरेला पट्ट्याने बांधायचे. खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावर. पावसात तेच डोक्यावर घ्यायचे, रात्री तेच पांघरायचे. पट्टा सोडला की पुन्हा साधे कापड.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या पोशाखाचा वरचा भाग गळाला आणि कमरेखालचा छोटा किल्ट रूढ झाला. ही कल्पना थॉमस रॉलिन्सन या इंग्रज कारखानदाराची, असे एका जुन्या पत्राच्या आधारे सांगितले जाते. भट्टीवर काम करणाऱ्या मजुरांना मोठे कापड अडचणीचे होते, म्हणून त्याने ते अर्धे केले. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी 1983 मध्ये हा मुद्दा जोरात मांडला. इतर अभ्यासकांनी मात्र छोटा किल्ट त्याआधीही होता असे म्हटले. वाद कसाही सुटो, सत्तेला या पोशाखाची भीती वाटत होती, हे मात्र कागदोपत्री नोंदलेले आहे.

16 एप्रिल 1746 रोजी कलोडन येथे ब्रिटिश सरकारी फौजेने स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या बंडखोरांचा पराभव केला. त्याच वर्षी संसदेने कायदा करून हायलँडमधील पुरुषांना आणि मुलांना किल्ट घालण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. बंड सर्व हायलँडरांनी केले नव्हते; कित्येक कुळे सरकारच्या बाजूने लढली होती. कायद्याने तो भेद पाहिला नाही. पोशाखावरून माणूस संशयित ठरला.

या कायद्यात एक अपवाद होता, तो ब्रिटिश सैन्यातील शिपायांचा. म्हणजे तोच कपडा गावात गुन्हा आणि पलटणीत गणवेश! किल्ट उघडपणे घालायचा तर राजाची चाकरी पत्करायची. बंदी 1782 मध्ये उठली, तोवर एक अख्खी पिढी त्याशिवाय वाढली होती. हायलँड पलटणी दरम्यान साम्राज्यभर पसरल्या. 1803 मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध 74 व 78 क्रमांकाच्या हायलँड पलटणी होत्या. 1857 मध्ये लखनौत किल्टधारी शिपाई लढले. ज्यांचा पोशाख बंदुकीच्या जोरावर उतरवला गेला, त्यांचीच मुले-नातवंडे दुसऱ्यांचा मुलूख जिंकायला निघाली होती.

1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. स्वागताची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी केली होती. खुद्द राजाने किल्ट घातला आणि गुन्हेगाराचा कपडा राष्ट्रीय पोशाख झाला. बॅनॉकबर्नच्या विल्सन कंपनीसारख्या विणकरांचा धंदा तेजीत आला. चौकटीच्या कापडाचे म्हणजे टार्टनचे नमुने कुळांच्या नावांनी विकले जाऊ लागले. त्याच दशकांत सदरलँडमध्ये मेंढ्यांच्या कुरणांसाठी हायलँडर शेतकऱ्यांना घरांतून हुसकावले जात होते. पोशाखाचा सन्मान झाला, तो घालणाऱ्याची जमीन गेली.

किल्टची शिलाईही याच काळात बदलली. सुरुवातीच्या लष्करी किल्टला साधारण चार वार कापड लागे. आज पुरुषाच्या पारंपरिक किल्टला आठ वार लागते. कारागीर आधी चौकटींचे गणित मांडतो. चुण्या घातल्यावरही मागच्या बाजूला चौकटी अखंड दिसल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक चुणीत किती कापड दाबायचे हे नमुन्यावर ठरते. पंचवीस-तीस चुण्या कमरेपासून नितंबापर्यंत बारीक टाक्यांनी शिवतात. कंबर लहान, म्हणून चुणी वर निमुळती करावी लागते. पट्ट्याचा रंग बदलला की दोराही बदलतात. आतले जादा कापड कापून, ताण पेलायला कॅनव्हास लावतात. खाली दुमड नसते, कापडाचा मूळ काठच किल्टचा काठ असतो. म्हणून लांबी आधीच अचूक मोजावी लागते. शेवटी चुण्या कच्च्या टाक्यांनी बांधून वाफेच्या इस्त्रीने बसवतात.

हे काम अनेक वर्षे स्त्रियांनी घरी बसून केले. त्यांची नावे कुठल्या कुळाच्या वंशावळीत नाहीत. 2001 मध्ये अमेरिकेतील भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका बार्बरा ट्यूक्सबरी यांनी व्यावसायिक कारागीर एल्सी स्टुमायर यांच्यासह ‘द आर्ट ऑफ किल्टमेकिंग’ हे पुस्तक लिहिले, आणि घरी किल्ट शिवू पाहणाऱ्यांना हातशिलाईची ही रीत तपशीलवार मिळाली. तरीही ब्रिटनमधील हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेने किल्ट शिवण्याची कला धोक्यातील हस्तकलांमध्ये नोंदवली आहे. यंत्रावर शिवलेला स्वस्त किल्ट पर्यटकाला पुरतो.

2012 मध्ये स्कॉटलंडच्या अधिकृत टार्टन नोंदवहीत इस्लामिक टार्टनची भर पडली. त्यात निळा रंग स्कॉटलंडच्या ध्वजाचा, हिरवा इस्लामचा, आणि पाच पांढऱ्या रेषा इस्लामच्या पाच अरकानांच्या. कुणी म्हणेल, ही कुठली परंपरा? उत्तर किल्टच्याच इतिहासात आहे. कुळांचे म्हणून मिरवले जाणारे कितीतरी नमुने एकोणिसाव्या शतकातले आहेत आणि छोट्या किल्टच्या जन्माचा वाद अजून मिटलेला नाही. परंपरा जपणाऱ्या प्रत्येक पिढीने त्यात आपला दोरा घातला. अंगावर काय घालायचे हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. संसदेने ते ठरवले तेव्हा काय झाले, हे हायलँडरांनी छत्तीस वर्षे भोगले.