मृदा-कर्ब प्रतिमाने

मातीतील सेंद्रिय कर्ब काळाच्या ओघात किती वाढेल अथवा घटेल, याचा हिशेब मांडणारी गणिती चौकट. तापमान, पाऊस, बाष्पीभवन, मातीतील चिकणमातीचे प्रमाण आणि दरसाल मातीत मिसळणारा काडीकचरा एवढी माहिती पुरवली, की शेत, कुरण किंवा जंगल यांच्याखालचा कर्बसाठा पुढील पन्नास-शंभर वर्षांत कोणत्या दिशेने जाईल हे तिच्यातून काढता येते. जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे 1,500 अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने असलेल्या कर्बाच्या तो दीडपटीहून अधिक भरतो. हवामानबदलाच्या चर्चेत मातीला जागा मिळाली ती या आकड्यामुळे.

सर्वांत रुळलेले प्रतिमान रॉथ-सी. त्याचे नाव इंग्लंडमधील हार्पेंडेन येथील रॉथमस्टेड संशोधन केंद्रावरून पडले. तेथील ब्रॉडबॉक शेतात 1843 पासून गहू घेतला जातो. एका तुकड्याला तेव्हापासून दरसाल हेक्टरी 35 टन शेणखत मिळते, तर दुसऱ्याला काहीच नाही. याच शेताच्या एका टोकाला 1882 साली गव्हाचे उभे पीक न कापता सोडून दिले. चार-पाच वर्षांत गहू नाहीसा झाला आणि आज तेथे झाडी आहे. मातीतला कर्ब दुपटीच्या वर गेला. हूसफील्ड नावाच्या बार्लीच्या शेतात एका पट्ट्याला 1852 ते 1871 अशी वीस वर्षे शेणखत देऊन ते बंद करण्यात आले. शंभर वर्षे उलटल्यावरही त्या पट्ट्यातील कर्ब शेजारच्या बिनखताच्या पट्ट्यापेक्षा जास्त निघाला. मातीचे जुने नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले असल्यामुळे हे ताडून पाहता आले. डेव्हिड जेंकिन्सन आणि जे. एच. रेनर यांनी 1977 मध्ये प्रतिमानाचा पाया घातला तो या मोजमापांवर. अमेरिकेत विल्यम पार्टन व सहकाऱ्यांनी 1987 मध्ये गवताळ प्रदेशासाठी मांडलेले सेंच्युरी हे दुसरे महत्त्वाचे प्रतिमान. ते पिकाची वाढही स्वतः काढते, रॉथ-सी काढत नाही. या फरकाचे महत्त्व पुढे येईल.

रॉथ-सी कर्बाचे पाच कप्पे मानते. लवकर कुजणारा अवशेष, चिवट अवशेष, सूक्ष्मजीवांच्या शरीरातील कर्ब, ह्यूमस आणि मुळीच न हलणारा निष्क्रिय भाग. पहिल्या चार कप्प्यांचे वार्षिक विघटनदर अनुक्रमे 10, 0.3, 0.66 व 0.02 आहेत. म्हणजे हार्पेंडेनच्या हवेत, माती ओली व उघडी असताना, पहिल्या कप्प्यातला निम्मा कर्ब साडेतीन आठवड्यांत उडतो, तर ह्यूमस निम्मा व्हायला पस्तीस वर्षे लागतात. कुजताना किती कर्ब हवेत जाणार आणि किती मातीत राहणार, हे चिकणमाती ठरवते. ती 10 टक्के असेल तर कुजलेल्यापैकी सुमारे 19 टक्के कर्ब मागे राहतो, भारी काळ्या जमिनीत 24 टक्क्यांपर्यंत.

जमीन-वापर म्हणून वेगळा रकानाच या प्रतिमानात नाही, ही गोष्ट नवख्याला खटकते. वापर शिरतो तो तीन वाटांनी : अवशेष किती पडतो, तो किती चिवट असतो आणि जमीन झाकलेली किती महिने राहते. लवकर कुजणाऱ्या आणि चिवट भागाचे गुणोत्तर पिकांसाठी 1.44, झुडपी रानासाठी 0.67 आणि पानझडी वा उष्ण कटिबंधीय जंगलासाठी 0.25 धरतात. पीक उभे असेल तर विघटनाचा वेग 0.6 ने गुणतात, उघड्या रानाला सवलत नाही. सोलापूर-मंगळवेढ्याकडे रब्बी ज्वारीसाठी खरिपात रान मोकळे ठेवायची जुनी पद्धत याच गणितात घालून पाहावी. ऊब आहे, ओल आहे आणि नेमके तेव्हाच आच्छादन नाही.

हवामानबदलाचा परिणाम तापमान व ओल यांच्या गुणकांमधून उतरतो. तापमानाचा गुणक 9 अंशांच्या आसपास 1 असतो, 26 अंशांना 4 आणि 28 अंशांना 4.4. त्याचा अर्थ असा, की दोन अंशांची वाढ हार्पेंडेनला विघटन जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढवते, आपल्याकडे 10 टक्क्यांनी. उष्ण प्रदेशांना धोका नाही असा निष्कर्ष त्यातून काढणे मात्र घाईचे ठरेल, कारण येथे लगाम ओलीच्या हाती असतो. माती कोरडी पडली की वेग 0.2 पर्यंत उतरतो. एप्रिल-मेची रणरण मातीतला कर्ब जवळजवळ शाबूत ठेवते ती यामुळे. त्याच महिन्यांत अवकाळी पाऊस वरचेवर होऊ लागला तर हिशेब बदलेल. सुकलेली माती भिजताच कर्ब झपाट्याने सुटतो, हे एच. एफ. बर्च यांनी केनियात 1950 च्या दशकात दाखवले होते. पण रॉथ-सी महिन्याची बेरीज घेते, त्यामुळे चार तासांची एक जोरदार सर तिच्यात विरून जाते.

तापमान वर्षाला 0.03 अंशाने वाढत गेले तर साठ वर्षांत जगाच्या मातीतून 61 अब्ज टन जादा कर्ब सुटेल, असा अंदाज जेंकिन्सन व सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दिला. या प्रकारच्या अंदाजांची खरी परीक्षा पुढे इंग्लंड-वेल्समध्ये झाली. 1978 ते 2003 या काळात तेथील मातीतला कर्ब दरसाल सरासरी 0.6 टक्क्याने घटला, तोही सर्व प्रकारच्या वापराखाली, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि बोट हवामानाकडे दाखवले गेले. प्रतिमाने चालवून पाहणाऱ्यांनी दोन वर्षांत उत्तर दिले, की हवामानाने एवढी घट समजावता येत नाही, फार तर तिचा 10 ते 20 टक्के भाग. ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका पाहणीत 2007 पर्यंत वरच्या 15 सेंटीमीटर थरात एकूण फरक दिसला नाही, नांगरटीच्या शेतांत मात्र घट होती. घडलेल्या बदलाचे कारण तपासून पाहण्याचा प्रतिमानाचा हा उपयोग भाकितापेक्षा मोलाचा म्हणावा लागेल.

भारतात 2002 ते 2005 दरम्यानच्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ब्राझीलचे ॲमेझॉन खोरे, केनिया व जॉर्डन यांच्या जोडीने गंगेच्या मैदानावर रॉथ-सी आणि सेंच्युरी चालवण्यात आली. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काळ्या जमिनींवरील दीर्घकालीन खत-प्रयोगांशीही रॉथ-सी ताडून पाहिले. येथे पहिली अडचण मोजणीचीच येते. काळ्या मातीच्या ढेकळावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसते : तो चुनखडीतला कर्ब, सेंद्रिय नव्हे. नमुना थेट जाळून मोजला तर दोन्ही एकत्र धरले जातात. डायक्रोमेटच्या पद्धतीने चुनखडी वगळली जाते, पण सगळा सेंद्रिय कर्ब सापडत नाही म्हणून उत्तराला साधारण 1.3 ने गुणावे लागते. शिवाय मृदा आरोग्य पत्रिकेवरचा 0.5 टक्के हा आकडा साठ्यात बदलताना घनमीटरभर माती 1.3 टन धरली तर 30 सेंटीमीटर थरात हेक्टरी 19.5 टन कर्ब निघतो, 1.5 टन धरली तर 22.5. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या जमिनीत यातला कोणता आकडा घ्यायचा, हे नमुना कधी काढला त्यावर अवलंबून राहते.

दुसरी अडचण अवशेषाची, आणि ती अधिक मोठी आहे. रॉथ-सीला तो आकडा बाहेरून द्यावा लागतो. तो बहुधा उत्पादनावरून बांधतात. धान्य इतके, म्हणजे काड इतके. पण ज्वारीचा कडबा गोठ्यात जातो, पऱ्हाटी चुलीत जाते, आणि त्या गोठ्यातले शेणही पुष्कळदा गोवऱ्या होऊन चुलीकडेच वळते. रानात राहतात ती धसकटे आणि मुळ्या. कडब्याची पेंढी महागली की त्या वर्षी धसकटही आखूड राहते, कारण कापणारा विळा आणखी खाली टेकवतो. तापमानाच्या दोन अंशांनी जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक या एका रकान्यात चुकीचा आकडा भरल्याने पडू शकतो.

कोकणात तर प्रतिमानाची मूळ चौकटच अपुरी पडते. रॉथ-सी पाणी साचलेल्या जमिनीसाठी बनवलेले नाही; भातखाचरांसाठी विघटनाचे दर कमी करून घेणारी सुधारित आवृत्ती जपानमध्ये तयार झाली. राबाची सोय मात्र कोणत्याच आवृत्तीत नाही. डोंगरातले टहाळे तोडून, पालापाचोळा व शेण यांच्यासह रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरून पावसाआधी भाजतात, तेव्हा कर्ब एका जमीन-वापरातून उचलला जातो, दुसऱ्यावर मांडला जातो आणि बराचसा तेथेच जळतो. उरलेला कोळसा निष्क्रिय कप्प्यात जातो. हिशेब करणाऱ्याला ही नोंद जंगलाच्या खात्यातून वजा करून खाचराच्या खात्यात हाताने लिहावी लागते.