मोजून काढलेल्या चित्राची कुळकथा

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या यंत्रशाळांमध्ये काम हाती घेण्याआधी कारागीर ड्रॉइंग मागतो. सुटा भाग वरून कसा दिसतो, समोरून कसा, मधोमध छेदला तर आत काय असेल, हे सारं त्या एका कागदावर असतं. मोजून चित्र काढायची ही विद्या अंबरनाथला कारखान्यांच्या कितीतरी आधी आली. १८६८ साली ती इथल्या शिवमंदिराच्या आवारात पोचली होती.

देऊळ शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, भूमिज शैलीचं. शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. सरकारला जुन्या वास्तूंची नोंद हवी होती, पण पश्चिम भारताचं पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू व्हायला १८७४ उजाडणार होतं. मग काम गेलं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे. ती शाळा १८५७ ची, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांची. जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी देवळाची चित्रं काढली, शिल्पांचे साचे घेतले. पुढे ‘इंडियन अँटिक्वेरी’त ती चित्रं छापून आली.

हे काम किती अवघड, ते देवळाभोवती एक फेरी मारली की कळतं. भिंत सलग चालतच नाही; कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते. अशा भिंतीचा आराखडा डोळ्यांच्या अंदाजाने निघत नाही. दोरी ताणायची, ओळंबा सोडायचा, प्रत्येक कोपरा दोरीपासून किती लांब ते मोजायचं आणि प्रमाणात कागदावर उतरवायचं. झिजलेल्या मूर्तीपाशी मात्र माप थांबतं. तिथे गोलाई ओळखणारी नजर आणि छायेचा हलका हात लागतो.

त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला करू लागले. तिथलं कसब वेगळं: उडालेल्या रंगाची छटा जुळवायची, जुन्या कुंचल्याची लय आपल्या मनगटात आणायची. त्यातल्या कितीतरी नकला १८८५ साली लंडनमधल्या एका आगीत जळाल्या.

शासकीय रेखाकला परीक्षांत ही दोन्ही अंगं आजही शेजारी-शेजारी बसतात. एकीकडे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, दुसरीकडे कर्तव्यभूमिती. मुलांचा ओढा रंगांकडे, आणि तो असावाच. ओल्या कागदावर जलरंग पसरताना पाहण्याचा आनंद कंपासपेटी देत नाही. पण भूमितीला चित्रकलेची सावत्र बहीण समजणं मला अजिबात पटत नाही. रेघेवर विश्वास ठेवून दुसऱ्याने वस्तू घडवावी, इतकी खरी रेघ काढणं हीही मोठी कला आहे.

अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरच्या कलाशिक्षकांना म्हणूनच एक विनंती: परीक्षेच्या तयारीतला एक रविवार या देवळासाठी ठेवा. मुलांना दोरी द्या, फूटपट्टी द्या, आणि एकच खांब आधी मोजून, मग नुसता पाहून काढायला सांगा.