प्रश्नमंजूषेच्या पैशातून हवामानशास्त्र

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाला हजारो हवामान अधिकारी हवे होते, आणि विद्यापीठांनी ते घाईघाईने घडवले. सैन्यात मात्र गोऱ्या-काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या. अलाबामातल्या टस्कीगीला कृष्णवर्णीय वैमानिक तयार होत होते, तेव्हा त्यांना हवेचा अंदाज देणारेही कृष्णवर्णीयच हवेत, असा सरकारी हिशेब झाला. भेदभावाच्या नियमानेच अशी मोजक्या तरुणांना हवामानशास्त्राची वाट करून दिली. बर्लिन ऑलिंपिकमध्ये (१९३६) ४०० मीटर शर्यत जिंकलेले आर्ची विल्यम्स त्यांतलेच. त्यांच्यातल्याच चार्ल्स अँडरसन यांनी १९६० साली एमआयटीतून पीएचडी मिळवली. या विषयात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन.

युद्ध सरलं आणि सरकारची निकडही सरली.

१९५०च्या दशकात जून बेकन-बर्सी ही कृष्णवर्णीय तरुणी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात हवामानशास्त्र घ्यायला गेली, तेव्हा सल्लागाराने तिला गृहविज्ञान सुचवलं. बेकन-बर्सींनी ऐकलं नाही, हे बरंच झालं. पुढे बफेलोच्या दूरचित्रवाणी केंद्रात त्या वार्ताहर होत्या. ‘वेदर गर्ल’ म्हणून पडद्यावर नुसतं हसत उभं राहणं त्यांना मंजूर नव्हतं. १९७१मध्ये केंद्राच्या हवामान निवेदकाला बँक लुटल्याच्या आरोपाखाली अटक झाली (कादंबरीत हे कुणी खपवून घेतलं नसतं!) आणि ऐनवेळी ती जागा बेकन-बर्सींना मिळाली. त्यांनी उष्णतेच्या लाटेचं भाकीत केलं, लाट आली आणि नोकरी पक्की झाली.

१९७७मध्ये त्या दूरचित्रवाणीवरच्या प्रश्नमंजूषेत उतरल्या. विषय हवामान नव्हे, तर लष्करी बँडची संचलनगीतं रचणारा संगीतकार जॉन फिलिप सूसा. जिंकलेल्या ६४ हजार डॉलरमधून त्यांनी वातावरणविज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती उभी केली. मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात हवामानशास्त्राचा अभ्यासक्रम १९७५मध्ये सुरू झाला होता. तिथली प्रयोगशाळा उभारण्यातही त्यांचा हात होता.

ही सारी धडपड कौतुकाची, पण एका बाईच्या बक्षिसावर एवढ्या मोठ्या देशाचं हवामानशास्त्र कसं बदलणार? त्यासाठी कायमची व्यवस्था हवी होती. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने १९९६मध्ये या क्षेत्रात मागे राहिलेल्या गटांतल्या विद्यार्थ्यांसाठी ‘सोअर्स’ हा उपक्रम सुरू केला. उन्हाळ्यात पगारी संशोधन, एकेका विद्यार्थ्यामागे अनेक मार्गदर्शक आणि पुढच्या उन्हाळ्यांत परत येण्याची मुभा, अशी त्याची रचना. टस्कीगीनंतर अर्धशतकाने सुचलेली ही व्यवस्था युद्धाच्या निकडीवर किंवा कुणाच्या नशिबावर अवलंबून नव्हती, हेच तिचं खरं वेगळेपण.