दगडखाणीचा सुरुंग आणि घराची भिंत : हादरा मोजतात कसा, आवरतात कसा?

खाणीत सुरुंग उडाला की फडताळातली भांडी वाजतात, खिडक्या थरथरतात आणि भिंतीवरचा तडा जुना की नवा यावरून गाव आणि खाणमालक यांच्यात वाद जुंपतो. हा वाद नुसत्या नजरेने मिटत नाही, त्याला मोजमाप लागतं.

मर्यादा किती?
सुरुंगामुळे जमिनीचा कण जास्तीत जास्त किती वेगाने हलला, हे सिस्मोग्राफवर मिलिमीटर प्रति सेकंद या मापात कळतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार, खाणमालकाच्या मालकीची नसलेल्या राहत्या घरांसाठी मर्यादा अशी : कंपनांची वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी असल्यास ५, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यापुढे १५. ऐतिहासिक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० आहेत. संथ कंपनं घराच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळतात, म्हणून ती जास्त घातक. खाणीतली सुरक्षा हा केंद्राचा विषय असल्याने बेळगाव, कोल्हापूर वा गोवा, माप सगळीकडे एकच.

आवरतात कसा?
दिवसभरात एकूण दारू किती उडवली, यापेक्षा एका क्षणी किती उडवली याला महत्त्व असतं. म्हणून सगळी भोकं एकदम न उडवता डिले डिटोनेटर वापरून काही मिलिसेकंदांच्या फरकाने उडवतात. ८ मिलिसेकंदांच्या आत उडालेली दारू साधारणपणे एकत्रच धरतात.

अंतराचा हिशेबही ठरलेला आहे. ३०० मीटरवरच्या घरासाठी एका वेळी ९ किलो चालत असेल, तर तशाच जमिनीत १५० मीटरवर सव्वादोन किलो आणि १०० मीटरवर जेमतेम १ किलो. म्हणजे अंतर निम्मं, तर दारू पाव. खाण गावाकडे सरकली आणि दारू तेवढीच राहिली, तर हादरा वाढणारच.

भोकाचं तोंड बारीक खडीने नीट ठासलं, तर आवाज आणि उडणारे दगड कमी होतात. खिडक्या बऱ्याचदा जमिनीच्या हादऱ्याने नव्हे, तर हवेच्या दाबाने वाजतात. शिवाय घराला धोका पोचवणाऱ्या पातळीच्या कितीतरी आधी माणसाला हादरा जाणवतो. त्यामुळे हादरा जाणवला म्हणजे घर तडकलंच असं नाही, आणि तक्रार खोटी आहे असंही नाही.

गावाने काय करावं?
खाण सुरू होण्याआधीच घरांची पाहणी आणि तारखेसह फोटो घ्यावेत. जुन्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवावी. तडा वाढला तर ती फुटते. सिस्मोग्राफ खाणीच्या ऑफिसात नको, सर्वांत जवळच्या घराच्या पायाशी लावायला सांगावं आणि रीडिंग लेखी मागावं. सुरुंगाची वेळ वहीत टिपून ठेवावी. तक्रार महाराष्ट्रात जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे, तर कर्नाटकात खाण व भूविज्ञान खात्याच्या जिल्हा कार्यालयात करता येते. तारीख, वेळ आणि आकडा सोबत असला, की तक्रारीला वजन येतं.