मुंबईच्या टॅक्सीचा धूर

मोटारीचें इंजिन जुनें झालें म्हणजे तिच्या मालकापुढें एक प्रश्न उभा राहतो. आणखी एकदां दुरुस्तीवर पैसा घालावा, कीं गाडी मोडींत काढून नवी घ्यावी? हा प्रश्न बहुधा घरच्या घरींच सुटतो. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईंत तो हजारों टॅक्सीवाल्यांपुढें एकाच वेळीं येऊन ठेपला, आणि या खेपेस तो विचारणारें उच्च न्यायालय होतें. शहराला स्वच्छ हवा पाहिजे होती. टॅक्सीवाल्याला उद्यांची कमाई. दोन्ही गरजा एकाच उपायानें भागतील असें त्या वेळीं पुष्कळांना वाटलें. त्या समजुतीचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

ती टॅक्सी म्हणजे काळ्या-पिवळ्या रंगाची फियाट. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीतील फियाट ११०० या नमुन्यावरून, १९६४ पासून ती तयार होऊं लागली, आणि १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हें नांव मिळालें. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन आणि त्यावर एक कार्बुरेटर. त्यांत न उमगण्याजोगें असें कांहींच नव्हतें. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून तिची दुरुस्ती करणारा मेकॅनिक गल्लोगल्लीं भेटे, आणि याच गुणावर ती इतकीं वर्षें टिकली.

मात्र या इंजिनाची आंखणी झाली त्या काळीं सायलेन्सरमधून काय बाहेर पडतें याची विचारपूस कोणी करीत नसे. लॉस एंजेलिसच्या डोळे झोंबविणाऱ्या धुक्याचें कारण हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत उघडकीस आणलें. मोटारींतून व तेलशुद्धीच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें धुकें बनतें, असें त्यानें दाखविलें. पुढें अमेरिकेंत बहुतेक नव्या मोटारींना १९७५ च्या नमुन्यांपासून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. भारतांतील चार महानगरांत तो १९९५ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना सक्तीचा झाला. जुन्या फियाटला अर्थातच तो नव्हता.

अशा गाडीचा धूर वाईट आहे एवढें म्हणून भागत नाहीं. त्याचा रंग पाहावा लागतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त व हवा कमी. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें १४.७ भाग हवा लागते. कार्बुरेटरचें जेट झिजलें, फ्लोटची पातळी चढली किंवा एअर फिल्टर कोंदला, कीं हें प्रमाण बिघडतें आणि धुरांतील विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. यावरचा इलाज थोडक्या पैशांत होतो. निळा धूर निराळा. तो दिसला म्हणजे इंजिनांतील तेल जळत आहे असें समजावें. जाणता मेकॅनिक मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतो. दाब कमी आला तर प्लगच्या भोकांतून चमचाभर तेल सोडून तो पुन्हां मोजतो. आतां दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरच्या भिंती झिजल्या. न वाढला तर दोष बहुधा वाल्वमध्यें. रिंगा गेल्या असतील तर इंजिन उतरवून बोअर करावें लागतें, आणि गाडी कांहीं दिवस उभी राहते. रोजच्या भाड्यावर पोट असलेल्या माणसाला खर्चापेक्षां हे रिकामे दिवसच अधिक जड जातात. म्हणून कित्येक गाड्या वरचेवर तेल घालीत निळ्या धुरासकट धांवत राहिल्या. कांहींनीं तर पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें बसविलें; इंधनाचा खर्च उतरला, काजळी वाढली.

सरकारी तपासणीला हा रंगांचा भेद ठाऊक नव्हता. पी.यू.सी. या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रासाठीं पेट्रोलच्या चारचाकीला एकच कसोटी होती. गाडी उभी आणि इंजिन मंद चालत असतां धुरांत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांहून अधिक नसावा. कार्बुरेटरचा एक स्क्रू थोडा फिरविला कीं ही अट पुरी करतां येई, आणि गाडीची ओढ कमी झाली म्हणून तोच स्क्रू दुसऱ्या दिवशीं पुन्हां मागें फिरवितां येई. यांत लबाडी खरीच. पण कसोटीनेंच तिला एवढी वाट करून दिली होती.

१९९९ सालीं धुरानें त्रासलेल्या नागरिकांची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढें आली. न्यायालयानें समिती नेमली, आणि जुन्या टॅक्सींनीं मुदतीच्या आंत नैसर्गिक वायूसारखें स्वच्छ इंधन घ्यावें, असे आदेश निघाले. दिल्लीची तऱ्हा वेगळी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशानें तेथें १९९० पूर्वींच्या टॅक्सी व रिक्षा काढून त्यांच्या जागीं नव्या आणावयाच्या होत्या. मुंबईला वायु जवळचा होता. १९७४ सालीं सांपडलेल्या मुंबई हायच्या सागरी क्षेत्रांतून तो उरणला येई, आणि शहरांत पुरविण्यासाठीं महानगर गॅस ही कंपनी १९९५ सालींच निघाली होती. जुन्याच गाडीला नवें इंधन देण्याची ही सवलत गरीब मालकाला दयेची वाटली असेल. इंजिनाला ती तितकीशी मानवली नाहीं.

वायु हवेंत सहज मिसळतो, म्हणून काळा धूर व कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ कमी होतात, हें निर्विवाद. परंतु झिजलेल्या रिंगा वायूनें भरून येत नाहींत. तेल जळावयाचें तें जळतेंच. शिवाय पेट्रोलमधील शिशाचा पातळ थर वाल्वच्या बैठकींवर बसून त्यांची झीज रोखीत असे. तें शिसें फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालें. मुलांच्या आरोग्यासाठीं तें योग्यच होतें, पण जुन्या बैठकींचें संरक्षण गेलें, आणि त्यावर हें कोरडें इंधन आलें. आधीं दाब मोजून व बैठकी नीट करून मग वायूचा संच बसविणें हाच खरा क्रम. तो उलटा केला तर सायलेन्सर शुद्ध दिसतो आणि इंजिनाचा दाब मात्र उतरत जातो. गाडीची ओढही कमी होते. सुमारें २०० वातावरणांच्या दाबाचा जड सिलिंडर डिकींत आला, आणि सामानाला टपावरच्या कॅरियरचाच आधार उरला. तरीही वायु पेट्रोलहून पुष्कळ स्वस्त पडे. न्यायालयाच्या धाकाइतकाच या हिशेबानेंही टॅक्सीवाला वायूकडे वळला असावा.

पुढें सरकारनें हा सगळा खल मिटविला. टॅक्सीला आधीं पंचवीस वर्षांची, आणि २०१३ पासून वीस वर्षांची वयोमर्यादा आली. चांगली राखलेली गाडी व तेल पिणारी गाडी यांत या नियमाला फरक करावयाचा नव्हता, आणि सिलिंडरचा दाब मोजण्याचें कारणही उरलें नाहीं. ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. ऑक्टोबर २०२३ अखेर तिचीं वीस वर्षें भरलीं.