सिंहलद्वीपाने इंग्रजीस दिलेला एक शब्द

इंग्रजीतील ‘सेरेंडिपिटी’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे बहुधा ‘सुखद योगायोग’ असा सांगितला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे; आणि गळलेला भागच अधिक मोलाचा आहे, असे आम्हांस वाटते.

या शब्दाची जन्मतिथी निश्चित आहे. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस मान या स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात तो प्रथम योजिला. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची कथा त्याच्या वाचनात आली होती. ही कथा १५५७ मध्ये व्हेनिस येथे इटालियन भाषेत छापली गेली. तिचा माग अमीर खुस्रोच्या ‘हश्त बिहिश्त’ या फारसी काव्यापर्यंत लागतो. वाटेच्या एकाच कडेचे गवत खाल्लेले पाहून, पुढे गेलेले जनावर एका डोळ्याने आंधळे असावे, हे राजपुत्र ताडतात. न शोधता काही गवसणे आणि गवसलेल्याचे मर्म बुद्धीने ओळखणे, ही दोन्ही अंगे वॉलपोलला अभिप्रेत होती.

सेरेंडिप म्हणजे अरबांचे ‘सरनदीब’, संस्कृत सिंहलद्वीप. ‘सीहळदीप’ हे पालि रूप परिचित असलेल्या वाचकांस अधिक सांगणे नलगे.

या शब्दाच्या पूर्ण अर्थाचे उदाहरण बौद्ध इतिहासातच आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपपुढे सांची येथील लहान लहान लेखांचे ठसे होते. जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी तीच दोन अक्षरे! हे दात्यांचे लेख असावेत आणि ती अक्षरे ‘दानं’ असावीत, असे त्याने ताडले, व ब्राह्मी लिपीच्या वाचनाचा मार्ग खुला झाला. परंतु स्तंभलेखांतील ‘देवानंपिय पियदसि’ राजा कोण? प्रिन्सेपने तो प्रथम सिंहलचा देवानंपिय तिस्स मानला. ही चूक सिंहलमधूनच दुरुस्त झाली. तेथील अधिकारी जॉर्ज टर्नर यास ‘दीपवंस’ या पालि ग्रंथात चंद्रगुप्ताचा नातू अशोक हाच पियदस्सन असल्याचे आढळले. ती हस्तलिखित प्रत सयामहून आणलेली होती. भिक्षुसंघाने शतकानुशतके ग्रंथ उतरवून ठेवले नसते, तर टर्नरला गवसणार तरी काय होते? योगायोगाचे कौतुक करताना या श्रमांचा सहसा विसर पडतो.

पुढे १९१५ साली मस्की येथे सापडलेल्या शिलालेखात खुद्द ‘असोक’ हे नावच वाचावयास मिळाले.